पिन लग मारताना: आधी टर्मिनलचं भोक, मग टूल

इलेक्ट्रिक कंट्रोल पॅनेलच्या धंद्यात ‘फेरूल’ हा शब्द आपल्याकडे दोन वस्तूंना लागतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. वायरवर सरकवायची, नंबर छापलेली पीव्हीसीची नळी म्हणजे फेरूल. वायरच्या सोललेल्या टोकावर दाबून बसवायची, कथील चढवलेली तांब्याची बारीक नळी हीसुद्धा कॅटलॉगात फेरूलच. या दुसरीला शॉपमध्ये कोणी पिन लग म्हणतं, कोणी एंड सीलिंग लग, कोणी बूटलेस. मुंबईच्या लोहार चाळीत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रिक मालाच्या बाजारात, नुसतं ‘दीडचं फेरूल द्या’ म्हटलं की नंबरांची नळी पुढ्यात येऊ शकते. म्हणून चिठ्ठीवर पूर्ण लिहावं: पिन लग, १.५ स्क्वेअर, पिन ८ मिमी, कॉलरसकट. पिन म्हणजे धातूची नळी, कॉलर म्हणजे तिच्या मागची रंगीत प्लास्टिकची बाही. पाकिटावर बहुतेक वेळा ‘ई १५०८’ असा कोड असतो. १५ म्हणजे १.५ स्क्वेअर, म्हणजे वायरच्या तांब्याचा छेद १.५ चौरस मिलिमीटर; ०८ म्हणजे पिनची लांबी. पुढे सगळीकडे मी लगच म्हणतो.

हे टिपण दोन बूस्टर पंपांच्या एका पॅनेलवरून लिहितोय. आत मोटरचा वेग सांभाळणारे दोन ड्राइव्ह, एक पीएलसी (सगळं चालवणारा छोटा कंट्रोलर), २४ व्होल्टचा सप्लाय, रिलेंची रांग आणि मोजून तीनशेच्या आसपास वायरटोकं. पॉवरला ४ स्क्वेअर, कंट्रोलला १ आणि १.५, सिग्नलला ०.५. सगळी वायर फ्लेक्सिबल. एवढं मिश्रण असलं की एका टूलने सगळं उरकेल का, हा प्रश्न पहिल्या दिवशीच सोडवावा लागतो. वायरिंग अर्ध्यावर आल्यावर टूल चुकलंय हे कळलं, तर मारलेल्या लगा कापण्यापलीकडे इलाज नसतो.

दीडची फ्लेक्सिबल वायर म्हणजे ०.२५ मिमीच्या सुमारे ३० तारा. स्क्रू थेट या जुडीवर आवळला की फिरताना तो तारांना बाजूला लोटतो. काही तारा दबतात, काही कडेने निसटतात, दोन-चार तुटतात. निसटलेली एक तार शेजारच्या टर्मिनलला टेकली की २४ व्होल्टचा सप्लाय बंद पडतो आणि दोष शोधायला अर्धा दिवस जातो. उरलेल्या तारांवर पूर्ण करंट येतो तो वेगळाच. १६ अॅम्पिअरच्या जोडाला १० मिलिओहम रोध असला तर त्या एका स्क्रूखाली अडीच वॅटपेक्षा जास्त उष्णता सतत तयार होते. प्लास्टिक पिवळं पडायला एवढं पुरतं.

टोकाला सोल्डर मारून तारा एकत्र करायची सवय जुन्या हातांना असते. स्क्रू टर्मिनलसाठी ती सोडलेलीच बरी. कथील दाबाखाली हळूहळू सरकतं, स्क्रू न फिरताच दाब उतरतो आणि सहा महिन्यांनी जोड सैल सापडतो. सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठ होते आणि पंपाच्या थरथरीत नेमकी तिथेच तुटते. मशीनच्या वायरिंगचं मानक आयईसी ६०२०४-१ देखील सोल्डर फक्त त्यासाठीच बनवलेल्या टर्मिनलला मान्य करतं.

आता निवड. बहुतेक जण टूल आधी घेतात, मग त्यात बसेल ती लग, मग ती लग टर्मिनलमध्ये कोंबतात. आम्ही उलट्या टोकाने गेलो. पॅनेलमधल्या प्रत्येक जातीचं एकेक टर्मिनल हातात घेऊन तीन गोष्टी टिपल्या: भोक गोल की चौकोनी, आत दाब स्क्रूचा की स्प्रिंगचा, आणि अंगावर किंवा कॅटलॉगात सोलायची लांबी किती दिली आहे. एमसीबीचा (आपोआप पडणाऱ्या ब्रेकरचा) वायर धरणारा पिंजरा चौकोनी आणि खोल निघाला. त्यात ८ मिमीची पिन टाकली तर स्क्रू तिच्या टोकावरच बसतो, म्हणून तिथे १२ ची पिन. रेलवरच्या (टर्मिनलं बसवायच्या धातूच्या पट्टीवरच्या) पुश-इन, म्हणजे नुसतं खोचायच्या स्प्रिंगच्या टर्मिनलला ८ ते १० मिमी लांबी दिलेली, तिथे ८ ची पिन बरोबर. रिलेच्या बेसला भोक अरुंद आणि गोलसर. ड्राइव्हच्या कंट्रोल प्लगचा पिच, म्हणजे शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर, ३.५ मिमी, तिथे दीडच्या लगची कॉलरच पिचपेक्षा रुंद भरते, दोन शेजारणी एकमेकींना ढकलतात आणि प्लग तिरका बसतो. म्हणून त्या प्लगला ०.५ ची वायर आणि ०.५ चीच लग.

पिन जास्त लांब घेतली तरी चुकतंच. टर्मिनलच्या बाहेर दोन मिलिमीटर चकचकीत धातू दिसायला लागला, तर कॉलर असण्याचा उपयोगच गेला. लग बसल्यावर कॉलर टर्मिनलच्या तोंडाला टेकलेली हवी.

मग रंग. इथे फसगत ठरलेली, कारण बाजारात दोन रंगसंगती शेजारीशेजारी विकल्या जातात. जर्मन मानक डिन ४६२२८ प्रमाणे ०.५ पांढरा, ०.७५ करडा, १ लाल, १.५ काळा, २.५ निळा, ४ परत करडा, ६ पिवळा. फ्रेंच पद्धतीत ०.५ पांढरा, १ लाल, १.५ काळा हे तेच, पण ०.७५ निळा, २.५ करडा, ४ नारिंगी, ६ हिरवा. म्हणजे करडी लग तीन मापांची असू शकते आणि निळी दोन मापांची. दोन वेगळ्या दुकानांतून माल आला आणि एकाच डब्यात ओतला की संपलं. पाकिटं मिसळू नयेत, आणि शंका आली तर कॅलिपरने नळीचा आतला व्यास बघावा. डिनच्या लगेत तो ०.७५ ला १.२ मिमी, १.५ ला १.७, २.५ ला २.२ आणि ४ ला २.८ असतो. नळीची भिंत २.५ पर्यंत ०.१५ मिमी आणि ४ ला ०.२ मिमी. स्वस्त मालात भिंत याहून पातळ असते. नुसत्या बोटांनी दाबून नळी चपटी झाली तर ते पाकीट परत करावं.

टूलकडे येताना पहिला नियम असा की लाल-निळ्या-पिवळ्या प्लास्टिकच्या रिंग किंवा फोर्क लगांचं टूल यात धरूच नये. त्याचा जबडा लंबगोल असतो. पिन लग त्यात दोन बाजूंनी चपटी होते आणि कडेच्या तारा मोकळ्याच राहतात. पकडीने दाबलेल्या लगेचंही तेच. वरून ती घट्ट वाटते, पण वायर ओढली की नळी तशीच राहून तारा सरकत बाहेर येतात.

पिन लगेच्या टूलमध्ये दोन घराणी आहेत. एकात जबड्यावर प्रत्येक मापाची वेगळी खाच असते: ०.५, ०.७५, १, १.५, २.५ असं पुढे. दाबणी समलंब चौकोनी येते, तळाला आडव्या रेघा. फिनिक्स काँटॅक्टचं क्रिम्पफॉक्स ६ या धाटणीचं आहे, ०.२५ ते ६ स्क्वेअरपर्यंत. याचा गुण म्हणजे खाच बरोबर निवडली की दाब दर वेळी सारखा. दोष हाच की खाच माणसाने निवडायची असते. दीडची लग अडीचच्या खाचेत दाबली तर सैल. अडीचची दीडच्या खाचेत घातली तर जबडा पुरता मिटत नाही, नळीचं तांबं दोन्ही बाजूंनी बाहेर येतं आणि लगेला कान फुटतात. कान फुटलेली लग टर्मिनलच्या भोकात अडते. संध्याकाळी दिवा कमी असताना ही चूक हमखास होते.

दुसरं घराणं आपोआप जुळणाऱ्या टूलचं. यात चार किंवा सहा छोटे जबडे एकाच वेळी मध्याकडे सरकतात, माप निवडायची गरज नाही. चार जबड्यांचं टूल चौकोनी दाबणी देतं, सहा जबड्यांचं षटकोनी. वागोचं व्हेरिओक्रिम्प ४ हे ०.२५ ते ४ पर्यंत चालतं, नायपेक्स आणि वाइडम्युलर यांचीही टूलं आहेत. आपल्या बाजारात सर्रास मिळतं ते चिनी बनावटीचं एचएससी ८. त्यावर ६-४ लिहिलेलं असेल तर चार जबडे, ६-६ असेल तर सहा. किमतीत कित्येक पटींचा फरक आहे. दिवसाला पन्नास लगा मारणाऱ्या मेंटेनन्सवाल्याला एचएससी पुरतं, मात्र दाब स्वतः जुळवून घ्यावा लागतो. पॅनेल शॉपमध्ये दिवसाला हजार टोकं होत असतील तर महाग टूल घ्यावं. तिथे फरक हाताच्या मनगटाला आणि जबड्याच्या झिजेला कळतो.

चौकोनी की षटकोनी, हे पुन्हा भोकावरून ठरतं. स्क्रूच्या पट्टीखाली किंवा पुश-इनच्या स्प्रिंगखाली सपाट बाजू हवी, कारण जास्त पृष्ठभाग टेकतो. तिथे चौकोनी किंवा समलंब दाबणी उत्तम. गोल आणि अरुंद भोकात मात्र चौकोनाचे कोपरे अडतात. टर्मिनलला चालणाऱ्या सर्वात मोठ्या मापाची लग असेल तर फारच. तिथे षटकोनी दाबणी गोलाच्या जवळ जात असल्याने सुखाने शिरते. आमच्या पॅनेलला रेल, एमसीबी आणि पीएलसीसाठी चौकोनी, रिलेबेससाठी षटकोनी अशी दोन टूलं लागली. एकच घ्यायचं असेल तर चौकोनी घ्या. अरुंद भोकासाठी वायर एक माप खाली उतरवता येत असेल तर ते आधी तपासा, मात्र करंट आणि ड्रॉइंग बघूनच.

समोरून लग घालायची की बाजूने, हाही एक मुद्दा. पॅनेलमध्ये वायर डक्टमधून (वायरी नेणाऱ्या प्लास्टिकच्या पन्हळीतून) आधीच ओढलेली असते आणि हात जेमतेम शिरतो. तिथे समोरून लग घेणारं टूल सोयीचं. पण त्यात पिन ठरावीक लांबीपर्यंतच आत जाते. बाजूने घालायच्या टूलमध्ये लांब पिन चालते, जबड्याच्या रुंदीपेक्षा लांब असेल तर सरकवून दोनदा दाबता येते.

टूल हातात आल्यावर लगेच वायरिंग सुरू करू नये. प्रत्येक मापाची पाच-पाच टोकं मारून ओढून बघावी. आयईसी ६०९४७-१ मध्ये टर्मिनलमधून वायर ओढण्याच्या चाचणीला १ स्क्वेअरला ३५ न्यूटन, १.५ ला ४०, २.५ ला ५० आणि ४ ला ६० न्यूटन हे आकडे आहेत, एक मिनिटभर. शॉपमध्ये यासाठी वेगळं यंत्र नसतं, पण पाण्याचा कॅन असतो. ४० न्यूटन म्हणजे साधारण ४ किलोचं वजन. कॅनमध्ये चार लिटर पाणी भरलं की दीडच्या वायरचं काम होतं, अडीचसाठी पाच लिटर. टांगायची पद्धत महत्त्वाची. लग थेट व्हाइसमध्ये धरली तर व्हाइसच तिला दाबतो आणि सैल दाबणीही पास होते. म्हणून रेलचा तुकडा उभा पकडून त्यावर पुश-इन टर्मिनल बसवलं, त्यात लग खोचली आणि वायरच्या खालच्या टोकाला कॅन बांधून अलगद सोडला. झटका द्यायचा नाही. एका मिनिटात तारा नळीतून केसभरही सरकायला नकोत.

आमच्या एचएससीवर १ आणि १.५ पास झाले, ०.५ सरकलं. आपोआप जुळणाऱ्या टूलमध्ये लहान मापाला दाब कमी पडतो तो असा. हँडलजवळ एक दातेरी चाक असतं, अधिक-उण्याच्या खुणा असलेलं. त्याचा अडकवणारा स्क्रू काढून चाक अधिकच्या बाजूला एक दात फिरवलं, पुन्हा पाच टोकं, पुन्हा कॅन. दुसऱ्या दाताला ०.५ टिकलं. त्यानंतर ४ ची लग परत मारून बघावी लागते, कारण आता मोठ्या मापाला दाब जास्त होतो आणि हँडल शेवटपर्यंत मिटायला जड जातं. ते मिटलं आणि नळीला चीर गेली नाही, म्हणून चाक तिथेच ठेवलं.

ओढून पास झालेल्यांपैकी एक टोक बारीक करवतीने आडवं कापून, कानसून, दहापटीच्या भिंगाखाली बघण्यासारखं असतं. चांगल्या दाबणीत गोल तारा गोल उरतच नाहीत. एकमेकींना दाबून मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या कोनदार होतात आणि मध्ये काळी फट दिसत नाही. दीडच्या वायरला अडीचची लग घालून आपोआप जुळणाऱ्या टूलमध्ये दाबली, तर बाहेरून चौकोन सुबक येतो आणि कापल्यावर आत पोकळी निघते. या टूलची खरी जोखीम हीच आहे. खाचांचं टूल चूक झाली की कान दाखवतं, हे टूल चूक झाकतं. म्हणून मापाची शिस्त पाकिटापासून पाळायची.

आता एक टोक नीट मारताना काय होतं ते बघू. वायर दीडची, लग ८ ची पिन आणि काळी कॉलर. सोलायचं १० मिमी, ८ नव्हे. वरचे दोन मिलिमीटर कॉलरच्या आत जातात. स्ट्रिपरचा स्टॉपर दहावर लावला की दर वेळी मोजावं लागत नाही. १२ च्या पिनला १४. सोलल्यावर तारा मोजल्यासारख्या बघाव्या. दोन-तीन कापल्या गेल्या असतील तर स्ट्रिपरची पाती बोथट आहे किंवा खाच चुकली आहे, ते टोक कापून पुन्हा सोलावं. तारा पिळू नयेत. पिळल्याने जुडी जाड होते, एखादी तार बाहेर राहते आणि दाबताना तारा एकमेकींवर चढतात. कारखान्यातून आलेला जो पीळ आहे तेवढाच ठेवून बोटांनी सरळ करावं. लग घालताना किंचित गोल फिरवत घालावी आणि कॉलरच्या कडेला डोळा ठेवावा. एखादी तार मागे मुडपून कॉलरच्या बाहेर, इन्सुलेशनला चिकटून राहते. ही मिशी दिसली की लग काढून परत घालावी. वरून कापून टाकली तर आत एक तार कमीच राहते.

इन्सुलेशन कॉलरमध्ये टेकलं, पिनच्या तोंडाशी तारांची टोकं दिसली, की जबड्यात पूर्ण पिन घ्यायची. कॉलर जबड्याला टेकेल, पण जबड्याखाली येणार नाही. कॉलर चिरडली तर प्लास्टिक फुटतं आणि दाब तांब्यापर्यंत पोचत नाही. मग हँडल एका दमात, रॅचेट (पूर्ण दाबल्याशिवाय हँडल उघडू न देणारी दातेरी कळ) सुटेपर्यंत दाबायचं. रॅचेट मध्येच अडलं तर सुटका करायची छोटी कळ असते. ती वापरून लग काढावी आणि फेकून द्यावी. अर्धी दाबलेली लग दुसऱ्यांदा दाबून सुधारत नाही.

बाहेर आलेल्या टोकात तारा पिनच्या तोंडाशी सम किंवा अर्धा मिलिमीटर पुढे असाव्या. एक मिलिमीटरहून आत असतील तर सोलणं कमी पडलं. जास्त पुढे असतील तर फक्त तारा छाटाव्या, पिन छाटू नये. छाटलेल्या पिनला धार येते आणि दाबणीचा शेवटचा भाग उघडतो. पिन केळ्यासारखी वाकली असेल तर लग जबड्यात तिरकी धरली गेली होती किंवा जबडे एका बाजूने झिजले आहेत. सलग तीन टोकं वाकडी आली की टूल बाजूला ठेवून जबडे तपासावे. नळीला लांबीत चीर गेली तर एक तर तांबं कडक आहे, नाहीतर दाब जास्त.

एका टर्मिनलमध्ये दोन वायर येतात तिथे दोन वेगळ्या लगा कोंबू नयेत; दोन कडक नळ्या एकमेकींवरून घसरतात आणि एकच दाबली जाते. जोड लग घ्यावी, रुंद कॉलरची, ‘टीई १५०८’ सारख्या कोडची. तिची नळी दोन वायरींची असल्याने एकेरी लगेपेक्षा जाड. दोन दीडच्या जोड लगेसाठी खाचांच्या टूलमध्ये २.५ ची खाच कमी पडते, ४ ची लावून कॅन टांगून बघावं. आणि टर्मिनल तिला घेतं का ते आधी बघावं: २.५ च्या पुश-इनच्या एका भोकात कॅटलॉगप्रमाणे बऱ्याचदा ०.५ च्या दोन वायरींचीच जोड लग चालते. मोठ्या जोडीला जंपर पट्टी (शेजारची टर्मिनलं आपसांत जोडणारी) आणि शेजारचं टर्मिनल हाच रस्ता.

आत एकच ठोस तार असलेल्या ताठ वायरला लग मारायचीच नाही. ती तार थेट टर्मिनलमध्ये जाते. नळी तिच्यावर पकड घेत नाही.

टर्मिनलमध्ये बसवल्यावर दोन कामं उरतात. स्क्रू असेल तर टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, एम३ (३ मिमी) स्क्रूला साधारण ०.५ न्यूटन-मीटर; पुश-इन असेल तर खोचल्यावर लगेच वायर मागे ओढून बघणं. लग पूर्ण आत गेल्याचा भास होतो पण कॉलर तोंडावर अडलेली असते, हे ओढल्यावरच कळतं. लग मारण्याआधी नंबरची नळी वायरवर चढवलेली हवी, कारण नंतर ती कॉलरवरून सरकत नाही. तीनशेपैकी एकोणीस टोकं आम्ही एवढ्या एका कारणाने पुन्हा कापली.

म्हणूनच डक्टमध्ये प्रत्येक वायरला तीस-चाळीस मिलिमीटरचा ढिलावा ठेवायचा. कापलेली लग परत वापरता येत नाही; प्रत्येक दुरुस्तीला वायर पंधरा मिलिमीटर आखूड होते, आणि दोनदा कापूनही टोक टर्मिनलपर्यंत ताण न पडता पोचायला हवं.